रॉइसच्या गाडीतले रोलर

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. ज्याच्याबाबत घडली तो माझा सख्खा मामा, आणि व्हर्लिनमामाला थाप मारता येत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

ऑक्टोबरातला शनिवार. ओहायोतलं ब्रॅकनी गाव. रॉइस टॅगर्टच्या घरामागची पत्र्याची शेड.

मामा जुन्या ॲम्ब्युलन्स, आगीचे बंब, पोलिसांच्या गाड्या तपासून त्यांचं मोल ठरवतो. चाळीस वर्षं हेच काम. एक स्क्रू बघून सांगेल, मूळचा की मागाहून बसवलेला. न पाहिलेल्या गोष्टीवर त्याने कधी सही केलेली नाही.

रॉइस वसंतात वारला. मागे राहिली बायको आर्डिथ आणि ती लांबलचक पांढरी गाडी, १९६६ ची. आमच्याकडे तेव्हा गावातला मर्तिकवालाच ॲम्ब्युलन्सही चालवायचा. गाडी एकच. माणूस जगो की मरो, गिऱ्हाईक त्याचंच. मागच्या तळाला सहा रोलर. ते आत वळवले की तळ सपाट, स्ट्रेचरसाठी. वर काढले की शवपेटी सरकन आत.

संग्रहालयाला गाडी हवी होती, पण दोन्ही मांडण्यांचे फोटो आणि मामाची सही सोमवारपर्यंत पाहिजे होती. नाहीतर रॉइसचा भाऊ ती घेऊन जाणार होता, हॅलोविनला पोरांना फिरवून घाबरवायला. त्या विचारानेच आर्डिथला झोप नव्हती.

सपाट तळाचा फोटो मामाने काढला. मग सहाही रोलर वर काढले, खिट्या लावल्या आणि पुढच्या सीटवरचा फोन आणायला गेला.

परत आला...

तळ सपाट.

खिट्या झिजल्या असतील, असं म्हणून त्याने पुन्हा रोलर वर काढले. चष्मा पुसायला तोंड फिरवलं. आवाज काहीच नाही.

तळ सपाट.

मामा चिडला. खिट्या खोलल्या, तेल दिलं, पुन्हा बसवल्या. तीनदा केलं, तीनदा तेच. शेवटी तारेने सहाही रोलर करकचून बांधले आणि पाणी प्यायला बाहेर गेला. आल्यावर बघतो तर...

तार सुटलेली. तुटलेली नाही, सोडवलेली. नीट वेटोळं करून गाडीतच मदतनिसासाठी असलेल्या घडीच्या खुर्चीवर ठेवलेली.

शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

आता मात्र तो इरेला पेटला. रोलर वर काढून त्यांच्यावर नजर रोखून उभा राहिला. जागचे हलले नाहीत. नजर न हलवता फोटो काढला. मग फोनमध्ये पाहिलं...

फोटोत तळ सपाट होता.

"चाळीस वर्षांत एका गाडीने मला असं नाचवलं नाही," तो कॉफी घेऊन आलेल्या आर्डिथवर खेकसला. "रॉइसने काय करून ठेवलंय हिला?"

 आर्डिथ मागच्या काचेकडे बघत होती.

काच आतून धुरकटली होती...

सगळी नाही. झोपलेल्या माणसाचं तोंड येईल, तेवढीच.

मग तिने सांगितलं. अडुसष्ट साली रॉइस या गाडीवर ड्रायव्हर होता, एकवीस वर्षांचा. रेल्वेफाटकाजवळ एक बाई जखमी सापडली. तिला हॉस्पिटलात नेताना अर्ध्या वाटेत नाडी लागेना. मर्तिकवाल्या मालकाची शिस्त कडक. जिवंत असेल तर दिवा आणि भोंगा, गेलं असेल तर रोलर. रॉइस आणि सोबतच्या माणसाने गाडी कडेला घेतली, छतावरचा दिवा उतरवला, स्ट्रेचर उचलून रोलर वर काढले. गाडी वळवून मर्तिकाच्या चालीने गावाकडे निघाले. मेलेल्याला कसली घाई.

"मागून आवाज येत होता," आर्डिथ म्हणाली. "रोलर खडखडतायत म्हणून थांबला नाही. पोचला तेव्हा चादर तिच्या तोंडावरून खाली आली होती. आणि तेव्हा मात्र ती खरंच गेलेली होती."

मामाने टोपी काढली, पुन्हा घातली.

"तिला पोचवायला हवं, व्हर्लिन."

"मी गाडी तपासायला आलोय. फेऱ्या मारायला नाही."

पण आर्डिथने फळीवरचा लाल दिवा काढून छतावर बसवलासुद्धा. मामा चरफडत स्टिअरिंगवर बसला. ती शेजारी.

हॉस्पिटल अकरा मैल. जुने ब्रेक म्हणून मामा जपून चालवत होता. फाटक ओलांडलं, आणि मागून...

श्वास.

अडकत, ओढून घेतलेला.

आर्डिथने मामाच्या गुडघ्यावर हात दाबला. मामाने भोंगा लावला आणि गाडी अशी हाणली की ब्रेकचा विचारही मनात आला नाही. श्वास सगळी वाट सोबत होता.

इमर्जन्सीच्या दारात गाडी थांबली. मागचं दार कोणी उघडलं नाही. पण गाडीची मागची बाजू हळूच वर आली... कोणी उतरल्यावर येते तशी.

श्वास थांबला.

आतून एक नर्स धावत आली. पेशंट कुठे, नाव काय, विचारू लागली. मामाने आर्डिथकडे पाहिलं. तिलाही नाव माहीत नव्हतं. रॉइसने ते कधी सांगितलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी रोलर पहिल्या झटक्यात वर राहिले. फोटो आला, सही झाली, गाडी संग्रहालयात गेली. आर्डिथला आता झोप लागते.

मामाला लागत नाही. जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून झाली, तिचं नाव कुठेच नाही. परवा जेवताना चमचा खाली ठेवून तो मला म्हणाला, "पोचवलं ते ठीक. पण आम्ही तिथे कोणाला सोडून आलो रे?"



माझी बायको त्याच हॉस्पिटलात इमर्जन्सीला कामाला आहे. गेले दोन आठवडे घरी आली की सांगते, तीन नंबरच्या रिकाम्या पलंगाची चादर रोज कोणीतरी खाली ओढतं म्हणून.

मी तिला यातलं अजून काहीच सांगितलेलं नाही.