अखंड तारेचं घर

तारेच्या पलंगाची उशाकडची बाजू बोटाला कोमट लागली. पलंग माझ्या तळहातावर मावेल एवढा होता आणि त्याच्यावर ऊन पडत नव्हतं. मी प्रयोगशाळेत धातूच्या तारा तपासते, त्यामुळे हाताच्या अंदाजावर विसंबायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून बारीक टोकाचं तापमापक आणलं. पलंग खोलीपेक्षा तीन अंशांनी गरम होता. त्याला लागून असलेली भिंत त्याच तांब्याच्या तारेची होती, आणि ती खोलीइतकीच थंड होती.

हे जमत नाही. तांबं ऊब धरून बसत नाही, लगेच वाटून टाकतं.

घर दादाने केलं होतं. जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून देणं हा त्याचा धंदा. आई आजारी पडल्यावर त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि एका मोठ्या पंपाच्या जळक्या मोटारीतून काढलेली तार घेऊन तो आईच्या खोलीत येऊन बसला. हत्यारं म्हणाल तर धार गेलेली एक पक्कड आणि एक लांब खिळा. आधी खुर्ची झाली, मग आईचं शिवणयंत्र, आणि मग आमचं अख्खं घर, खऱ्या घराच्या एका हाताला एक बोट अशा मापाने. माप त्याच्याच हाताचं आणि त्याच्याच बोटाचं. सगळं घर एकाच तारेचं होतं. मोटार भरताना मधे जोड आला की ती नेमकी तिथेच जळते, हे त्याच्या इतकं अंगात भिनलेलं की खेळण्यातसुद्धा त्याला जोड चालेना. तार जमिनीतून भिंतीत, भिंतीतून छपरात, छपरातून पलंगात जायची, आणि कुठेच संपायची नाही.

आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. गळ्याला पाडलेल्या छिद्रातून मशीन तिला श्वास देत होतं. ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मशीन किती दिवस ठेवायचं ते तुम्ही भावंडांनी ठरवा, मी घाई करणार नाही, असंही म्हणाले होते. ते येत, आमच्याकडे बघत आणि आम्ही त्यांना चहा विचारत असू. एरवी आम्ही मशीनच्या गाळणीबद्दल बोलत होतो, वीज गेली तर काय याबद्दल बोलत होतो, आईच्या पाठीला होणाऱ्या जखमांबद्दल बोलत होतो. मशीन बंद करायचा विषय निघाला की दादा पक्कड शोधायला उठायचा, आणि ती समोर दिसत असली तरी मीही शोधू लागायचे.

ऊब लागते हे मी दादाला सांगितलं, तेव्हा त्याने मानही वर केली नाही.

"शास्त्रज्ञबाई, तुम्हाला आत्ता कळलं होय?"

मग त्याने सावकाश सांगितलं. ऊब पलंगावरच असते असं नाही. सकाळी ती स्वयंपाकघरात शेगडीपाशी असते, दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत, तिन्हीसांजेला पुढच्या दाराशी. मी रजा काढून मोजून पाहिलं. तसंच होतं. आईचा आजाराआधीचा सगळा दिनक्रम त्या तारेत फिरत होता आणि आई पलंगावर हलत नव्हती.

"ती घरात फिरतेय," दादा म्हणाला. "मग बंद कशाला करायचं?"

त्या विषयावर तो पहिल्यांदाच काही बोलला होता. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर कामावर निघताना मीही तारेच्या शेगडीवर बोट टेकवून जाऊ लागले.

पुढे दिनक्रम बदलला. आधी शेगडी थंड पडली. मग खुर्ची. पलंग तर कधीच गार झाला होता. आता ऊब फक्त पुढच्या दाराशी असायची, सकाळी, दुपारी, केव्हाही बघा. मला काळजी वाटत होती, दादाला नाही. तू कामावरून यायची वाट बघते, तो म्हणाला, ती तशीच उभी राहायची की. ते खरं होतं. काही दिवस मी ते मानलंही.

आईचं सगळं करायला एक सिस्टर येत. तोंडाने फटकळ, पण हाताने हलक्या. एकदा त्या मॉडेलपाशी वाकल्या.

"घर झकास बांधलंय हो. पण हे दार उघडतं कुठून?"

उघडत नाही, दादा अभिमानाने म्हणाला. तीच तार चौकटीतून दारात आणि दारातून भिंतीत गेलीय. दार उघडायचं तर ती तोडावी लागेल, आणि एका जागी तुटली की ताण जाऊन सगळं छप्पर बसेल.

"म्हणजे पिंजराच की," सिस्टर म्हणाल्या आणि पाणी गरम करायला गेल्या.

त्या रविवारी आईचं अंग पुसायला मी मदत करत होते. आईच्या मुठी मिटलेल्या असत, त्या सिस्टरने हलकेच उघडल्या आणि त्या थांबल्या. दोन्ही तळव्यांवर आडवा, लाल, सरळ वळ होता. गजाला जोर लावून हात टेकल्यावर उमटतो तसा. नखांचा नाही, त्या म्हणाल्या, चादरीच्या चुणीचाही नाही.

मी मॉडेलकडे गेले.

दाराची मधली आडवी तार बाहेरच्या बाजूला वाकली होती. थोडीशीच. मी ती बोटाने आत दाबून पाहिली.

ती दबेना.

जळक्या मोटारीची तार मऊ असते. लहान मूलसुद्धा वाकवेल. ती पुन्हा कडक होते ती वाकवून वाकवून. एकदा-दोनदा नाही, सतत, त्याच जागी. मी दिवसभर हेच तपासते.

मी दादाला हाक मारली आणि त्याचं बोट त्या तारेवर ठेवलं. तांबं त्याला माझ्याहून जास्त कळतं.

"तू वाकवलंस?"

"नाही."

"सिस्टरने?"

मी नकारार्थी मान हलवली. त्याने बोट काढलं नाही. मशीन आपल्या लयीत श्वास देत होतं.

मग त्याचं बोट किंचित बाहेर सरकलं. त्याने सरकवलं नव्हतं.

पुन्हा सरकलं.

दादाचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. तो आईपाशी गेला आणि तिच्या तळव्यावरच्या वळावरून त्याने बोट फिरवलं. सिस्टर ओला टॉवेल हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"डॉक्टरांना फोन लाव," तो म्हणाला. "आजच या म्हणावं. मशीन बंद करायचंय."