ती आधीच वर्गात आहे

खरं माना म्हणून मी कुणाच्या विनवण्या करणार नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. वर्गात तेव्हा आठ पोरं होती, त्यांना विचारा.

बेटाचं नाव सांगत नाही. नॉर्वेच्या पार उत्तरेला आहे, एवढं पुरे. दिवस लुसियाचा, म्हणजे आमच्याकडच्या दिव्यांच्या सणाचा, तेरा डिसेंबर. वेळ सकाळची. सकाळ आपली म्हणायची. त्या दिवसांत आमच्याकडे सूर्य उगवतच नाही. शाळा भरते ती काळोखातच.

मी तोरहिल्ड. तिथे चौथीला शिकवते.

माझ्या वर्गातली सुनिव्हा त्या हिवाळ्यात आजारी होती, दूर शहरातल्या हॉस्पिटलात. तिच्या जागी बाकावर एक रोबो बसायचा. पांढरा, बाहुलीएवढा. सुनिव्हा पलंगावरून टॅब्लेटवर आम्हाला बघायची, रोबोतून बोलायची. ती जोडली गेली की त्याचे डोळे उजळायचे. तिनं टॅब्लेटवर हात वर केला की त्याचं डोकं हिरवं व्हायचं. मधल्या सुट्टीत पोरं त्याला लोकरीची टोपी घालून बर्फात खेळायला न्यायची.

एक मात्र होतं.

ती आम्हाला बघायची. आम्हाला ती दिसायची नाही.

पलीकडे कोण आहे... ते आवाजावरूनच ओळखायचं.

सुरुवात लुसियाच्या आधीच झाली, डिसेंबर नुकताच लागला होता. मी विचारलं, "पाठ केलेलं गाणं कोण म्हणतंय?"

रोबोचं डोकं हिरवं झालं.

"म्हण, सुनिव्हा."

थोडा वेळ नुसती खरखर. मग...

"वाऱ्या, वाऱ्या, दार नको लोटू,
आई गेली होडीत, दिवा नको फुंकू..."

ब्रागे खिदळला. "हे कुठलं गं? पणजीच्या पुस्तकातलं?"



तेवढ्यात माझा फोन वाजला. सुनिव्हाचा बाप, आर्वीद.

"तोरहिल्ड, पोरगी सकाळपासून वर्गात यायला बघतेय. टॅब्लेट तिला घेतच नाही. त्यावर येतंय, ती आधीच वर्गात आहे."

मी बाकाकडे पाहिलं.

डोळे उजळलेलेच होते... आणि माझ्याकडे वळलेले.

रोबो पुरवणारा यंत्रवाला फोनवर म्हणाला, बंद करून चालू कर. केलं. पुन्हा तेच. म्हणाला, परत पाठव, नाताळनंतर दुसरा देऊ.

नाताळनंतर? सुनिव्हाचं मोठं ऑपरेशन चौदा तारखेला होतं. आणि पोरांनी तिलाच लुसिया निवडलं होतं. पांढरा झगा, डोक्यावर दिव्यांचा मुकुट, मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे. त्या एका सकाळच्या आशेवर पोर तग धरून होती.

"जेवण सोडलंय तिनं," आर्वीद म्हणाला. "म्हणते, माझी जागा गेली."

लुसियाच्या सकाळी आम्ही दिवे मालवले. केशर घातलेल्या पावांचा वास शाळाभर दरवळत होता. ब्रागेनं रोबोच्या डोक्यावर बॅटरीच्या मेणबत्त्यांचा मुकुट ठेवला.

डोळे आधीच उजळलेले.

"सुनिव्हा?" तिच्या मैत्रिणीनं, इल्वानं विचारलं.

"हो."

इल्वा मागे सरकली. "ही ती नव्हे. सुनिव्हा मला कधी हो म्हणत नाही. काय गं माकडे, म्हणते."

मला भीतीपेक्षा राग जास्त आला. एवढे दिवस आम्ही पोरीची जागा जपली, आणि कुणीतरी यावं, खुशाल बसावं?

मी रोबोसमोर गुडघे टेकले.

"हे बघ. तू कोण, मला ठाऊक नाही. जिवंत आहेस का, तेही विचारत नाही. ही जागा सुनिव्हाची. ऊठ."

खरखर... मग पाण्याचं चुबुक चुबुक...

"बाहेर थंडी आहे."

इल्वा रडायला लागली. पण मी हटले नाही.

"असेल. तरी ऊठ."

"ऊठ," माझ्या पाठीमागून ब्रागे म्हणाला. मग दुसरं कुणीतरी. मग आठही पोरं, पाय आपटत. ऊठ. ऊठ. ऊठ.

डोळे विझले.

मुकुटही विझला... त्याचा आणि रोबोचा काही संबंध नव्हता.

अंधारात वर्गाचं दार उघडलं. खारट गारवा आला. दार हळूच लागलं.

आणि डोळे उजळले.

"काय गं माकडे," रोबो म्हणाला. "मी पुढे ना?"

तीच पुढे होती. आम्ही गात गात सगळी शाळा फिरलो.

ऑपरेशन नीट झालं. ईस्टरनंतर सुनिव्हा आपल्या पायांनी वर्गात आली. डबा खाताना माझ्याजवळ सरकली.

"तोरहिल्ड, तू तिच्यावर एवढं ओरडायला नको होतंस."

"कुणावर?"

"ती नंतर माझ्या हॉस्पिटलातल्या खोलीत आली होती. ओलीचिंब. रात्रभर विचारत होती, मला कधी बोलावतील?"

मी डबा मिटून ठेवला.

तरी सांगते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. जित्या पोरीची जागा मी कुणाला देणार नाही.

फक्त, हीटरपाशी आता एक जास्तीची खुर्ची आहे. कुणाच्याच नावाची नाही. काही सकाळी तिच्याखाली पाणी साचलेलं असतं... बर्फ म्हणावा, तर बूट आम्ही सगळे बाहेरच काढतो.

मुख्याध्यापिका दोनदा म्हणाली, "ती खुर्ची काढ, तोरहिल्ड."

नाही काढत.