पेरलेला फुगवटा

डॉ. नजमा मुलाणींच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, ते २०४७ साल. तोवर एक्स-रे आणि सीटी वाचण्याचं काम यंत्राकडे जाऊन दहा वर्षं झाली होती. यंत्राने पकडलेले रोगी थेट डॉक्टरकडे जात. यंत्राने निर्दोष ठरवलेली चित्रं मात्र एकदा माणसाच्या नजरेखालून गेलीच पाहिजेत, असा कायदा होता. यंत्राकडून चुकून काही राहिलं, तर ते शोधायला रेडिओलॉजिस्ट ठेवलेले.

त्यात एक अडचण निघाली. दिवसाला दोनशे चित्रं पाहायची आणि कशातच काही सापडत नाही, असं महिनोन्‌महिने चाललं की नजर मरते. डोळ्यांना दिसतं, पण मेंदू दखल घेत नाही. शास्त्रज्ञांनी त्यावर तोड काढली. काही निरोगी चित्रांत यंत्रच एखादी खोटी गाठ घालून ठेवू लागलं. याला ‘पेरणी’ म्हणत. वाचणाऱ्याने खऱ्याखोट्याचा विचार न करता दिसेल ते लिहायचं. पेरलेल्याचा रिपोर्ट यंत्र आपोआप रद्द करी, तो रोग्यापर्यंत जात नसे. पेरलेलं कोणतं होतं, ते महिनाअखेरीसच कळवत. आधी कळलं तर वाचणारे खोटं ओळखायला शिकतील, ही भीती.

वाचणारे तरीही शिकलेच.

लग्नाची रजा संपवून नजमा कामावर आल्या, तेव्हा हातावरची मेंदी अजून गेली नव्हती आणि चारशे चित्रं साठली होती. दुपारी यमाजी कुदळे चहा घेऊन आला. रोग्यांचे स्ट्रेचर ओढणारा, बावन्न वर्षांचा माणूस. नजमा त्याला मामा म्हणत.

“मॅडम, ह्या अंधारात बसून दिवसभर काय बघता वो?”

“मुळ्याच्या चकत्या करतात ना मामा, तशा माणसाच्या चकत्या. एकेकाच्या पाचशे. हे चाक फिरवत छातीपासून खाली उतरायचं.”

“आन्‌ त्यातलं खोटं कसं वळखायचं?”

“खोट्याची कड फार नीटस असते. माणूस इतका नेटका आजारी पडत नाही.”

“मग खोटं बी लिवून काढता?”

नजमांनी चाक पुढे फिरवलं. “लिहायला हवं.”

एका रिपोर्टला बारा मिनिटं लागत, आणि पेरलेलं निघालं की तो वाया. त्यामुळे सगळ्याच केंद्रांवर, पेरलेलं ओळखू आलं की वाचणारे ते न लिहिताच पुढे जात. महिन्याला दहा सुटले तरी कुणी विचारत नसे.

यमाजी पाठ चोळत म्हणाला, “माजं बी असलंच चित्र काल काढलंय. पाठीत आरपार कळ मारतीया. तुमच्याकडं आलं तर बघा की नीट.”

“त्यावर नाव नसतं हो. पाच जिल्ह्यांतली चित्रं येतात. मला कसं कळणार?”

“म्हंजे माजं पोट म्होरं आलं तरी वळख दिऊ नका! तुमच्या लेकीच्या लग्नातलं गुलाबजाम दिसतील त्यात.”

नजमा हसल्या आणि स्क्रीनकडे वळल्या.

चार वाजता एका चित्रात त्यांना पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला लिंबाएवढा फुगवटा दिसला. कड गुळगुळीत, सगळीकडून सारखी. पेरलेला, त्यांनी मनात म्हटलं. ‘निर्दोष’ची कळ दाबली आणि पुढचं चित्र घेतलं.

दोन दिवसांनी यमाजी खुशीत आला. “काई न्हाई निघालं मॅडम! उगं घाबरलो. साहेब म्हनले, पट्टा बांध आन्‌ काम कर.”

त्याने काम केलं. पाचव्या दिवशी एका बाईला स्ट्रेचरवरून उचलताना तो खाली बसला, तो उठलाच नाही. पोटातली रक्तवाहिनी फुटली होती.

नजमांना ते चार वाजताचं चित्र आठवलं. त्याचा नंबर त्यांनी शोधून ठेवला आणि महिन्याच्या यादीची वाट पाहिली. चार दिवस. यादीत तो नंबर असावा, एवढंच त्या मागत होत्या. यादी आली. त्यात नंबर नव्हता. यंत्राने तो फुगवटा आतड्याचा वळसा मानला होता, आणि नजमांनी यंत्राची करामत.

त्यांनी मुख्य केंद्राला सगळं लिहून कळवलं. नाव उघडलं गेलं. यमाजीचंच होतं. उत्तर मात्र निराळंच आलं. यंत्र आणि माणूस दोघांनाही चकवणारं चित्र फार मोलाचं असतं, म्हणून यमाजीचा फुगवटा पुढल्या महिन्यापासून पेरणीत घेतला जाणार होता.

आता तो नजमांना आठवड्यातून दोनतीनदा दिसतो. कधी कुणा तरुण बाईच्या पोटात, कधी म्हाताऱ्याच्या. त्या तो पाहताक्षणी ओळखतात. तरी दर वेळी बारा मिनिटं बसून पूर्ण रिपोर्ट लिहितात, ‘तातडीने शस्त्रक्रिया’ असं खाली घालतात. यंत्र तो रद्द करतं.

यमाजी धोंडिबा कुदळे २६ एप्रिल २०४७ रोजी, सकाळी अकराच्या सुमारास, कामावर असताना वारला.