सातव्या खड्ड्यातल्या अळ्या

अंडं

आकेयो डासांचं गणित मांडायची, पण जिवंत अळी तिने कधी पाहिली नव्हती. पहिल्यांदाच आहेरो गावात गेली आणि विटांसाठी माती काढलेल्या सातव्या खड्ड्यात घसरली. तिथे अळ्या मोजणाऱ्या ओमोलोने हात नाही, लांब दांड्याची पळी पुढे केली.

"धरा. आणि जरा बाजूला... सावली पडली की अळ्या बुडी मारतात."

"मी इथे चिखलात पडलेय—"

"तुम्ही वर याल. त्या लवकर येत नाहीत."

तिला राग यायला हवा होता. आला नाही.

अळी

मग सातव्या खड्ड्याच्या अळ्यांची बेरीज भलतीच फुगू लागली. आकेयो खात्री करायला जायची. दोघं खांद्याला खांदा लावून पाण्यावर वाकायची. पावसाची सर आली की शेजारच्या विटांच्या भट्टीच्या छपराखाली भाजलेलं कणीस, अर्धं अर्धं. तो तिच्या बुटांना हसायचा, ती त्याच्या अक्षराला. अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं.

कोष

या अवस्थेत डास काही खात नाही. आकेयोच्याही घशाखाली घास उतरेना.

तिच्या गणितावरून शुक्रवारी अधिकारी ठरवणार होते, अळ्या मारायचं औषध कुठे टाकायचं. गणित म्हणत होतं, सगळं आहेरोला. पलीकडच्या गावांत तर पोरं तापाने फणफणत होती.

मग उमगलं. बाकीचे खड्डे आठवड्यातून एकदा मोजलेले, सातवा मात्र रोज. गणिताने त्याची प्रत्येक मोजणी वेगळा खड्डा धरली होती.

डास

"सातवा रोज का मोजलास? गणित त्यानेच चुकलं."

ओमोलो खड्ड्याकाठी पळी धूत राहिला. "आकडे खरे आहेत."

"ते नाही विचारलं."

"आकडे आले की तू यायचीस..." त्याने पळी झटकली. "चूक माझी म्हणून सांग साहेबांना."

चूक तिने सकाळीच दुरुस्त केली होती. औषध आता पलीकडच्या गावांनाही मिळणार होतं. शिवाय रोज किती अळ्या जगतात, हे त्या जादा मोजण्यांमुळेच तिला कळलं होतं. पण त्याला थोडं ताटकळू दे...

"रविवारी घरी जेवायला ये," ती शेवटी म्हणाली. "आई ओमेना करणार आहे."

ओमेना म्हणजे सरोवरातले इवलेसे मासे. पण मुलीने कुणाला आईसमोर जेवायला बसवणं ही लहान गोष्ट नव्हे, हे ओमोलोला पक्कं ठाऊक होतं.

"मी कोण म्हणून सांगशील?"

"मी कशाला? ती तुलाच विचारेल. उत्तर तयार ठेव."

"तयार आहे. ऐकवू?"

"आईच्या आधी?... ऐकव."

त्याने ऐकवलं. भट्टीवरच्या बायका हातातलं काम टाकून ऐकत होत्या, याचं दोघांनाही भान नव्हतं.