इतवारीतलं हिरवं मिग

इतवारीतल्या त्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तरी एकाला उतरावं लागे, आणि तिथे कुणीतरी अख्खं विमान आडवं घातलं होतं! रंगवलेल्या सुताच्या लड्या खांद्यावर घेऊन प्रेमलता तणतणत पंखाखालून वाकली, आणि उठताना तिच्या लालचुटूक लड्यांवर चंदेरी ऑइलपेंटचा पट्टा उमटला.

"हे काय धूड आणून ठेवलं रस्त्यात?"

"धूड नाही जी, मिग आहे." विमानाच्या पोटातून एक डोकं वर आलं. केसांत भुसा, नाकावर चंदेरी ठिपका... आणि वर हसू! "जरा सांभाळून. रंग ओला आहे."

"हे आता सांगून राहिले? माझं सूत गेलं ना!"

तो रुपराव, रेडिओ दुरुस्तीवाला. बांगलादेशची लढाई होऊन वर्ष होत आलं, तरी पोरासोरांच्या तोंडून मिग काही उतरत नव्हतं. म्हणून कस्तुरचंद पार्कच्या प्रदर्शनासाठी त्यानं हे प्लायवूडचं मिग बनवलं होतं. सीट ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर, समोर दोन रुळांवर गुंडाळलेलं कापड, त्यावर ढग आणि शेतं. मागे बसून त्यानं पायडल मारलं की कापड सरकायचं, सीट डुलायची आणि बसलेला माणूस थेट आकाशात पोचायचा. अडलं होतं ते रंगावर. त्याच्याजवळचा मिगचा एकुलता एक फोटो पेपरातला होता, काळा-पांढरा.

प्रेमलता सूत रंगवणाऱ्या शालिकरामची मुलगी. रंगाचे असे हाल तिला बघवेनात. भांडता भांडता तिनं ब्रश हिसकावला कधी आणि रोज संध्याकाळी यायला लागली कधी, तिचं तिलाच कळलं नाही.

पण रुपरावचं काही केल्या ठरेना!

"आज हिरवे पट्टे द्या."

"काल तर निळं म्हणाले होते!"

"काल आमचे मामाजी म्हणाले होते. आज सोनेगावच्या विमानतळाकडचा एक जण भेटला..."

"उद्या अजून कोणी भेटन!"

"भेटला तर — तुम्ही याल ना?"

तिचा ब्रश थांबला. तोही थांबला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. आता बोलेल, आता बोलेल... "पोटाकडून जरा फिका मारा," तो म्हणाला.

शनिवारी तिनं सरळच सांगून टाकलं, "उद्या मले पाहाले येऊन राहिले. उमरेडचे आहेत. पसंत पडलं तर लगेच ठरवतो म्हणते बाबा."

 रुपरावनं पाना उचलला, खाली ठेवला. "म्हणजे... शेपटी आजच करावी लागन."

ब्रश त्याच्या डोक्यात हाणावा असं तिला वाटलं. रडूही आलं. हा माणूस तिला आवडत होता, अगदी मनापासून आवडत होता, आणि याला शेपटीची पडली होती! त्यात पेंट संपलेला, दुकान बंद. रागारागानं तिनं घरून कढईतला हिरवा रंग आणला, डिंक कालवला आणि नाकापासून शेपटीपर्यंत, सीटसकट सगळं मिग हिरवंगार करून टाकलं. सूत रंग पितं, ऑइलपेंट लावलेलं प्लायवूड पीत नाही, हे रंगाऱ्याच्या पोरीला त्या रागात सुचलंच नाही.

रविवारी सकाळी मिग प्रदर्शनात गेलं आणि दुपारी उमरेडचे बाप-लेक आले, पण काही केल्या बसेनात. शालिकरामनं हाताला धरून त्यांना पांढऱ्या चादरीवर बसवलं. पाणी प्यायला ते पुढे सरकले, आणि मागे दोन हिरवे गोळे उमटले.

"प्रदर्शनात विमानात बसलो जी," मुलगा ओशाळून म्हणाला. त्याचे तळवेही हिरवे.

शालिकरामनं चादर बोटानं चोळली. "हा तर आपल्या कढईतला! काय वं लता?"

पोह्यांच्या बश्या हातात घेऊन प्रेमलता दारात उभी. तेवढ्यात धापा टाकत रुपराव आत आला, डोक्यापासून पायापर्यंत हिरवा.

"हे दोघं इतवारीत पोरगी पाहाले चाललो म्हणाले, म्हणून धावत आलो."

"माफी मागाले?" शालिकरामनं विचारलं.

"नाही जी. मले वाटलं, हे हो म्हणून जातीन." त्यानं हिरवे हात शर्टाला पुसले. "मले लता आवडते. मिग पहिल्या दिवशीच झालं होतं. झालं म्हटलं तर लता येणं बंद करन, म्हणून... रोज नवीन रंग काढत होतो."

 उमरेडचा मुलगाच खो-खो हसत सुटला. "बाबा, उठा. आपलं इथं काही काम नाही."

शालिकराम मुलीकडे पाहत होता. तिनं बश्या खाली ठेवल्या, रुपरावला मनगटाला धरून न्हाणीपाशी नेलं आणि त्याच्या हातांवर तांब्यानं पाणी ओतलं. खसाखसा चोळलं. रंग तसूभरही हलेना.

"हात सोडा... तुमचे बाबा पाहून राहिले."

"पाहू द्या!" तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज चढला होता. "एवढं बोलाले तोंड नव्हतं काय? मी मरून राहिली होती ऐकाले!"

"चुकलं," तो हळूच म्हणाला. "उद्या आईले घेऊन येतो."

"उद्या काहून?" ती कडाडली. "आजच आणा!"