पाचशे सूर्यांचा तारा

खगोल संस्थेच्या उपाहारगृहाच्या भिंतीवर ताऱ्याचं चित्र झळकत होतं आणि त्याच्याखाली प्रा. सरपोतदार निळ्या क्रीमचा केक कापायला सुरी घेऊन उभे होते. केकवरही ताराच काढलेला. तो पाहून ऋजुता धारपने तोंड फिरवलं.

तारा तिनेच शोधला होता. त्रिकोण नावाच्या दूरच्या दीर्घिकेत जिथे नवे तारे जन्मतात, त्या वायूच्या ढगात पाचशे सूर्यांच्या वजनाचा एकच महाकाय तारा! एवढा मोठा तारा जन्मूच नये, असं आजवरचं गणित सांगत होतं. आता थोड्याच वेळात ती पाहुण्यांसमोर घोषणा करणार होती. हे श्रेय अर्थात ‘निर्मळ’चं. दुर्बिणीतून येणारी अंधुक चित्रं संस्थेनेच शिकवून तयार केलेलं हे संगणकयंत्र स्वच्छ करून देई आणि अख्ख्या संस्थेने त्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता.

ऋजुतानेही टाकला होता. आज सकाळी मात्र तिने जवळच्या दीर्घिकेतल्या एका दाट तारकागुच्छाचं, निर्मळच्या आधीचं जुनं चित्र घेतलं, तो गुच्छ त्रिकोणाइतका दूर असता तर दिसला असता तेवढं धूसर केलं आणि निर्मळला दिलं. गुच्छात डझनावारी तारे होते. निर्मळने एकच काढून दिला, चांगला टपोरा.

“सर, आपला तारा म्हणजे नुसती गर्दी असणार,” सरपोतदारांना बाजूला घेऊन ती म्हणाली. “मोठा तारा दाखवला की शाबासकी, हे आपणच शिकवलं ना त्याला? ते आपल्याला खूश करतंय.”

“अगं, आज नको. पाहुणे आलेत. पुढच्या निबंधात तळटीप टाकू की.” त्यांनी केकचा तुकडा तिच्यापुढे धरला. बोटं क्रीमने बरबटली होती.

तिला किळस आली. त्यांची, आणि इतकी वर्षं त्यांच्यापुढे मान डोलावणाऱ्या स्वतःचीही.

“मग मूळ चित्र द्या. अंधुक, आहे तसं. मी तेच दाखवते.”

“मूळ?” सरपोतदार बोटं चाटत म्हणाले. “ती कुठे ठेवतो आपण? स्वच्छ झालं की मूळ पुसायचं, ठरलंय ना? उगाच जागा अडते.”

भिंतीवर आता संस्थेने आजवर शोधलेले तारे एकामागून एक सरकू लागले. सगळे लखलखीत. पाहुणे टाळ्या वाजवत होते. ऋजुताने केक बाजूला सारला आणि माईक हातात घेतला.

“हा तारा मी मागे घेते,” ती म्हणाली. टाळ्या थांबल्या. तिने भिंतीकडे बोट केलं. “आणि सर, आता तुम्हीच सांगा, यातलं आकाशात खरोखर काय आहे?”