क्षेमाची ओळ

दूरसंवाद केंद्राच्या चित्रीकरणकक्षात डॉ. यशोमती किंजवडेकर आसनस्थ झाल्या, तेव्हा त्यांच्यासमोर एक कळफलक, एक पडदा आणि पाण्याचा तांब्या एवढाच सरंजाम होता. चित्रफितीला प्रेक्षक एकच होता, आणि तो नेपच्यूनच्याही पलीकडे होता.

तो प्रेक्षक म्हणजे ‘दूरगामिनी’ हे यान. तीस वर्षांपूर्वी पृथ्वीवरून निघालेले. अंतराळकिरणांच्या माऱ्याने त्याच्या स्मृतिकोशाचा मोठा भाग निकामी झाला होता, आणि संदेशांसाठी पृथ्वीकडे रोखलेली तबकडी दररोज किंचित ढळत होती. ती सावरणारा नवा आज्ञासंच सिद्ध होता. परंतु तो ठेवायला यानात जागाच उरली नव्हती. जुने संच काढून अठरा दिवसांत जागा केली नाही, तर दूरगामिनी कायमची मुकी होणार होती.

“बाई, नवी मुले अजून विचारतात,” मोहिमेचे प्रमुख डॉ. झाकिर मुजावर दिवे सारखे करीत म्हणाले, “सरळ आज्ञा का पाठवायची नाही? चित्रफितीचा घाट कशाला?”

पंचेचाळिशीचे झाकिर एके काळी बाईंचे विद्यार्थी होते, आणि अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीत नीट टेकून बसत नसत.

“आज्ञा कोणीही पाठवील,” यशोमतीबाई म्हणाल्या. “स्वतःचे अंग कापून टाक, असे कोणा परक्याने सांगावे आणि तिने ऐकावे, हे मला नको होते. म्हणून मी तिला करून दाखवलेलेच शिकायला लावले. माझी बोटे कळांवर कोणत्या लयीत पडतात, हे ती ओळखते. शिवाय एकदा पाहून ती शिकत नाही. तीनदा पाहते. तीनही वेळा जे घडले तो नियम. एखाद्या वेळीच घडले, तर तो हाताचा दोष समजून सोडून देते.”

“आणि तीनही वेळा तुम्ही मध्येच पाणी प्यायलात, तर?”

“तर ती बिचारी तिकडे पाणी शोधत बसेल. तो तांब्या आधी लांब ठेव.”

झाकिर हसले आणि तांब्या दाराशी ठेवून आले.

दाखवायची क्रिया वस्तुतः साधी होती. यानातील प्रत्येक आज्ञासंचाचे नाव आणि त्याच्या कर्त्याचे नाव अशी एकेक ओळ असलेली यादी पाठसंपादकात उघडायची. नको असलेल्या संचाची ओळ पुसायची आणि यादी जतन करायची. मग संचपाल नावाची व्यवस्था ती यादी वाचे, पुसलेल्या संचावर दुसरा कोणता संच विसंबून नाही ना हे पडताळे, आणि मगच तो यानातून काढून टाके. रोजच्या वृत्तासोबत यान ही यादी जशीच्या तशी पृथ्वीला पाठवी.

यशोमतीबाईंचे वडील पोथ्यांच्या नकला करीत. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासण्यापूर्वी तेथे काय होते, हे ते समासात बारीक अक्षरात लिहून ठेवीत. बाईंनी तोच रिवाज संगणकावर चालवला होता. कोणतीही ओळ पुसण्यापूर्वी त्या यादीच्या तळाशी तारांकित टीप लिहीत: काय होते, कोणाचे होते. संचपाल तारांकित ओळींकडे पाहतही नसे. टीप न लिहिल्याबद्दल झाकिरांनी विद्यार्थिदशेत बोलणी खाल्ली होती. आज मात्र टिपा लिहायच्या नाहीत, असे बाईंनी स्वतःच ठरवले होते. आवश्यक तेवढेच दाखवायचे.

चार ओळी पुसायच्या होत्या. पहिल्या तीन बंद पडलेल्या उपकरणांच्या. चौथी ओळ ‘क्षेम’ या संचाची.

त्याचे कर्ते श्रीरंग किंजवडेकर, यशोमतीबाईंचे यजमान. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. रोजचे वृत्त संपले की दूरगामिनी त्यांच्या आवाजात विचारी, “जेवलात का?” आवाजाच्या नमुन्यांनी बरीच जागा अडवली होती. बाई रोज उत्तर टंकीत: जेवले.

“क्षेम राहू द्या ना, बाई,” झाकिर हळूच म्हणाले. “दुसरे काही शोधू.”

“तीन दिवस शोधले. त्यावर कोणताच संच विसंबून नाही, झाकिर. तो काढला तर यानाचे काहीही अडत नाही.”

“यानाचे नाही अडत.”

“दिवे लाव,” बाई म्हणाल्या.

तीन आवृत्त्या झाल्या. तिसरी संपली तेव्हा बाईंनी हात मांडीवर घट्ट धरले होते. “शेवटच्या ओळीशी मला भान राहिले नाही. काही अधिकउणे झाले का? खरे सांग.”

झाकिर चित्रमुद्रण पाहत होते. त्यांनी मान वर केली नाही. “झाले थोडे. पहिल्या खेपेस. एकदाच घडलेले ती सोडून देतेच की.”

चित्रफीत रवाना झाली. जायला साडेचार तास, यायला साडेचार तास. शिकलेले खरोखर कळले, याची खूण म्हणून दूरगामिनीने आपल्या कृतीची चित्रफीत उलट पाठवायची, असा संकेत होता. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर उमटली.

पहिल्या तीन ओळी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नाहीशा झाल्या. चौथीवर दर्शकबिंदू थांबला. लुकलुकत राहिला.

“अडकली!” बाई अर्धवट उठल्या.

“अडकली नाही, बाई. थांबली आहे.”

अकरा सेकंद गेले. मग दर्शकबिंदू यादीच्या तळाशी गेला आणि तेथे एकेक अक्षर उमटू लागले.

* क्षेम. श्रीरंग किंजवडेकर. जेवलात का?

त्यानंतर तो वर परतला, चौथी ओळ पुसली, यादी जतन केली.

झाकिरांनी चित्रफीत थांबवली.

“तीनही वेळा?” बाईंनी विचारले.

“तीनही वेळा. अकरा, बारा आणि पुन्हा अकरा सेकंद थांबलात, आणि दर वेळी हीच टीप लिहिलीत. तिन्हींत सामाईक होते तेवढे तिने घेतले.”

“आणि तू म्हणालास, एकदाच.”

“खरे सांगितले असते तर तुम्ही चौथ्यांदा करायला बसला असता. त्या ओळीला कितीशी जागा लागते? हिशेब करूनच गप्प राहिलो.”

“लबाड आहेस.” बाईंनी पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या.

नवा संच यानात जाऊन बसला. सोळाव्या दिवशी तबकडी स्थिर झाली. त्या दुपारी प्रथमच वृत्त स्वच्छ आले: तापमान, वेग, किरणमान, आणि नेहमीप्रमाणे संचांची यादी. यादीनंतर आवाज येण्याची जी वेळ, ती निःशब्द गेली. बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

“बाई,” झाकिर म्हणाले, “यादीची शेवटची ओळ वाचा.”

यादीबरोबर ती टीपही आली होती: जेवलात का? यादी रोज येते. म्हणून तीही रोज येणार होती.

बाईंनी कळफलक ओढला, ‘जे’ टंकले, आणि हात मागे घेतला.

“काय झाले?”

“दोन वाजून गेले. सकाळपासून इथेच बसले आहे,” त्या उठत म्हणाल्या. “चल, आधी जेवून येऊ. तिला खोटे कशाला सांगायचे?”